आजोबांच्या रंध्याचे वय: तिघे जण तीन वेगळी साले सांगतात तेव्हा

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमचे आजोबा 1948 साली माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार म्हणून लागले. त्यांच्या पेटीत एक बिडाचा रंधा निघाला. तळाच्या पुढच्या टोकाला 'बेली' आणि दुसऱ्या टोकाला 'नं. 5' असे ओतीव अक्षरात आहे. पाते काढल्यावर तळावर तीन पेटंट तारखा दिसल्या: 25 मार्च 1902, 19 ऑगस्ट 1902 आणि 19 एप्रिल 1910. पात्यावर हृदयाच्या आकारात 'एस डब्ल्यू' अशी खूण आहे. पात्याला दाबून धरणाऱ्या वरच्या टोपीवर 'स्टॅन्ली' लिहिले आहे. मागच्या लाकडी मुठीवर 'जी.आय.पी.' असा ठसा आणि खाली दोन पुसट अक्षरे आहेत. परदेशातल्या जुन्या अवजारांच्या शौकिनांना फोटो दाखवले, तर एकाने 1910 ते 1918 सांगितले, दुसऱ्याने 1920 नंतरचा, तिसऱ्याने 1925 च्या पुढचा. तुम्ही विचारता, यातले कोणाचे खरे मानायचे?

माझ्या मते तिघांनीही प्रामाणिक उत्तर दिले आहे आणि तिघांकडेही आधार आहे. पहिल्याने तळ पाहिला, दुसऱ्याने पाते पाहिले, तिसऱ्याने टोपी पाहिली. 'हा रंधा कोणत्या सालचा' असे एक प्रश्न म्हणून विचारले की ही गडबड होते. रंधा म्हणजे सुटे होणारे भाग. पाते झिजते आणि बदलले जाते, टोपी पडून तुटते, मुठी फुटतात. कामाच्या अवजारात तीस-चाळीस वर्षांनी मूळचे किती उरले, हाच शोधाचा खरा विषय असतो. म्हणून मी प्रत्येक भागाचे वय वेगळे काढतो आणि मग ते एकमेकांशी जुळतात का ते बघतो. तुमच्या बाबतीतही तसेच करू.

त्याआधी ही साले येतात कुठून, ते सांगायला हवे, कारण त्याशिवाय त्यांचे वजन कळणार नाही. लिओनार्ड बेलीची पेटंटे आणि धंदा स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने 1869 साली घेतला. कंपनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात न्यू ब्रिटनची. पुढे जवळजवळ शंभर वर्षे हे रंधे निघत राहिले आणि मधल्या काळात त्यांच्यात शेकडो बारीक बदल झाले. कंपनीने मात्र रंध्यावर साल कधी घातले नाही, क्रमांकही घातला नाही. आज जे 'टाइप 11', 'टाइप 12' असे म्हणतात, ती वर्गवारी कारखान्याची नाही. ती संग्राहकांनी केलेली आहे आणि रॉजर के. स्मिथ या अमेरिकन अभ्यासकाच्या कामामुळे ती रूढ झाली. पद्धत अशी: असंख्य रंधे उघडायचे, कोणते बदल कोणत्या बदलांबरोबर येतात ते पाहायचे, मग जुने कॅटलॉग आणि पेटंटांचे कागद समोर ठेवून त्या गटांना साले लावायची. एकट्या माणसाला हे जमणारे नाही. एवढे रंधे कोणाच्याच घरात नसतात. हजारो लोकांनी आपापल्या माळ्यावरचा एकेक रंधा उघडून दाखवला म्हणून हे ज्ञान तयार झाले, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

पण याच पद्धतीमुळे त्या तक्त्याची मर्यादाही कळते. कारखान्यात 31 डिसेंबरला जुने भाग फेकून 1 जानेवारीला नवे लावत नव्हते. पेटीत जो भाग शिल्लक असेल तो आधी वापरला जाई. त्यामुळे तक्त्यातल्या दोन प्रकारांच्या सीमेवर दोन्हींचे गुण असलेले रंधे सापडतात आणि ते अगदी मूळचे असू शकतात. कोणी 'हे तक्त्यात बसत नाही, म्हणजे बनावट' असे म्हणाले तर मी ते मान्य करणार नाही.

आता तुमचा तळ. 'बेली' हे नाव तळावर ओतायला 1902 च्या सुमारास सुरुवात झाली. तीन तारखांतली शेवटची 1910 ची, म्हणजे तळ त्याआधीचा नाही. ही खालची मर्यादा पक्की. वरची मर्यादा कशी काढायची? इथे पेटंटचा कायदा उपयोगी पडतो. त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत मंजुरीपासून 17 वर्षे होती. 1902 ची दोन पेटंटे 1919 मध्ये संपली, 1910 चे 1927 मध्ये. संपलेल्या पेटंटची तारीख मिरवण्यात अर्थ नसतो, पण ओतकामाचे नमुने नवे करायला खर्च येतो, म्हणून तारखा थोड्या उशिरा जातात. संग्राहकांनी प्रत्यक्ष पाहिलेले याच्याशी छान जुळते: तीन तारखांचे तळ साधारण 1924 पर्यंत, मग काही वर्षे फक्त 1910 ची एकच तारीख, आणि 1930 च्या सुमारास तीही नाहीशी. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माहिती एकाच ठिकाणी पोचते तेव्हा मी तिच्यावर विसंबतो. तेव्हा तुमचा तळ 1910 ते 1924 मधला, हे मी ठामपणे सांगेन.

हा पट्टा आणखी अरुंद करायला दोन मापे लागतील आणि ती तुमच्या फोटोत नाहीत. पाते खालीवर करण्याचे पितळी चाक मोजा. ते जुन्या रंध्यांत साधारण 1 इंच (25 मिमी) व्यासाचे असते, 1920 पासून ते सव्वा इंचाचे (32 मिमी) झाले. दुसरे म्हणजे पुढची गोल मूठ बुटकी आहे की उंच, हे पाहा. बुटकी मूठ टाइप 11 ची, म्हणजे 1910 ते 1918. उंच मूठ टाइप 12 ची, म्हणजे 1919 ते 1924. मोठे चाक, उंच मूठ आणि हृदयाचे पाते हे तिन्ही एकत्र असतील, तर पाते बदललेले नसण्याची शक्यता बरीच वाढते आणि रंधा 1920 ते 1924 मधला ठरतो. चाक लहान आणि मूठ बुटकी असेल, तर अंग आधीचे आणि पाते नंतर घातलेले.

हृदयाची खूण 1920 नंतरची आहे, याबद्दल शंका नाही. त्या वर्षी स्टॅन्ली रूल अँड लेव्हल ही स्टॅन्ली वर्क्समध्ये विलीन झाली. एस डब्ल्यू ही त्या नावाची आद्याक्षरे, आणि हृदय हे कंपनीचे प्रमुख विल्यम हार्ट यांच्या मानार्थ. ही खूण 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. हृदयाचे पाते दिसले की विक्रेते सगळा रंधाच 'स्वीटहार्ट' म्हणून विकतात, पण खूण पात्यावर आहे, रंध्यावर नाही. नं. 5 ला 2 इंची पाते लागते, नं. 4 लाही तेच. त्यामुळे अदलाबदल अगदी सोपी.

टोपीचे मात्र मला वाटते की ती नंतरची आहे. 'स्टॅन्ली' हे नाव टोपीवर 1925 च्या सुमारास येऊ लागले. तिचा स्क्रूचा गाळा कसा आहे ते पाहून सांगा. साधा किल्लीच्या भोकासारखा असेल तर 1933 च्या आधीची, मूत्रपिंडासारखा वाकडा असेल तर 1933 नंतरची. तुमच्या तिसऱ्या उत्तरदात्याने 1925 च्या पुढचे साल सांगितले ते याच टोपीवरून, असा माझा अंदाज आहे.

म्हणजे आत्तापर्यंतचे चित्र असे: अंग 1910 ते 1924, पाते 1920 नंतरचे, टोपी बहुधा 1925 नंतरची. हा रंधा कामात होता आणि कोणीतरी त्याची देखभाल करत होते.

मुठीवरचा ठसा हा या सगळ्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा आहे आणि परदेशातल्या एकाही जाणकाराने त्याकडे लक्ष दिलेले नाही. त्यात त्यांचा दोष नाही. कनेटिकटच्या किंवा शेफील्डच्या माणसाला जी.आय.पी. म्हणजे काय हे माहीत असण्याचे कारण नाही. आपल्याला माहीत आहे: ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. माटुंग्याचे वर्कशॉप 1915 चे, डब्यांच्या दुरुस्तीसाठी उभारलेले, आणि तेव्हा डब्यांची अंगे लाकडी होती, म्हणून तिथे सुतारांची मोठी गरज होती. 5 नोव्हेंबर 1951 रोजी जी.आय.पी. मध्य रेल्वेत विलीन झाली. जुना ठसा नंतर काही दिवस वापरात राहिला असेल असे धरले, तरी हा रंधा 1951 च्या सुमारास किंवा त्याआधी रेल्वेच्या मालकीत आलेला होता. मूठ बदललेली असू शकते, म्हणून हे साल मुठीचे आहे असेच आधी मानायचे. पण मूठ आणि अंग यांची घासण, मळ आणि स्क्रूच्या खालचा रंग जुळत असेल तर ते एकत्रच जगले.

आजोबा 1948 मध्ये लागले तेव्हा हा रंधा निदान चोवीस वर्षांचा होता. म्हणजे तो त्यांनी नवा घेतलेला नाही. वर्कशॉपमधली जुनी अवजारे मोडीत निघून लिलावात विकली जात, ज्येष्ठ सुतार निवृत्त होताना आपले अवजार शागिर्दाला देत, असे दोन्ही घडत असे. ठसा पाहून घरात कोणाला वेगळी शंका आली असेल तर ती मनातून काढून टाका, ठशावरून तसे काहीच सिद्ध होत नाही. ठशाखालची दोन अक्षरे आजोबांची आद्याक्षरे आहेत का, ते तुम्हीच सांगू शकाल. ती त्यांची नसतील तर त्यांच्या आधीच्या माणसाची असावीत. घरात नोकरीचे कागद, सेवापुस्तकाची प्रत किंवा निरोपसमारंभाचा फोटो असेल तर तो जपून ठेवा. त्यातून जे कळेल ते कोणत्याही तक्त्यातून कळणार नाही.

आता कोणावर विश्वास ठेवायचा, याबद्दल. मी उत्तर देणाऱ्याच्या नावाकडे किंवा त्याने किती उत्तरे दिली आहेत याकडे बघत नाही. त्याने 'कशावरून' हे सांगितले आहे का, ते बघतो. 'टाइप 11 आहे' यापेक्षा 'तीन तारखा आहेत आणि मूठ बुटकी दिसते, म्हणून टाइप 11' हे उत्तर कितीतरी पटीने चांगले, कारण ते तपासता येते आणि चूक असेल तर कुठे आहे ते कळते. उत्तर नुसते आले असेल तर नम्रपणे आधार विचारा. खरा जाणकार रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. दहा जणांनी एकच साल सांगितले म्हणजे दहा पुरावे झाले, असेही नाही. पुष्कळदा दहाही जण एकच तक्ता वाचून आलेले असतात आणि तक्ता उतरवताना कोणाकडून एक आकडा चुकला असेल तर तो दहा ठिकाणी चुकतो. एखादे साल महत्त्वाचे वाटले तर मूळ कागदापर्यंत जा. अमेरिकन अवजारांची पेटंटे शोधायला डेटाम्प नावाची सूची आहे, ती अवजारप्रेमींनीच स्वयंसेवेने उभी केली आहे. ब्रिटिश कंपन्यांसाठी ग्रेसेस गाइड आणि टूल्स अँड ट्रेड्स हिस्टरी सोसायटी यांचे काम मोठे आहे. यंत्रांच्या जुन्या कॅटलॉगसाठी व्हिंटेज मशिनरीचा संग्रह पाहा.

कॅटलॉग वाचताना एक काळजी घ्या. कॅटलॉगमध्ये वस्तू कधी विकायला होती ते कळते, तुमची वस्तू कधी घडली ते नाही. आपल्याकडे तर माल जहाजाने यायचा, मुंबईत नागदेवी रस्त्यावरच्या दुकानात पडून राहायचा आणि घडल्यानंतर काही वर्षांनी विकला जायचा. म्हणून घडल्याचे साल आणि विकत घेतल्याचे साल वेगळे धरायचे.

हीच पद्धत इतर अवजारांना लागू होते, फक्त खुणा वेगळ्या. डिस्टन करवतीच्या मुठीवरचे पितळी पदक वाचतात: 'अँड सन' असेल तर 1865 ते 1871, 'सन्स' असेल तर त्यानंतरचे. पण 'वॉरंटेड सुपीरिअर' एवढेच लिहिलेले पदक असेल तर त्यावरून काही ठरत नाही, ते कितीतरी कारखान्यांच्या करवतींवर असे. 'रेकॉर्ड' या ब्रिटिश छापाचा रंधा असेल तर तो बनवणाऱ्या शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टनने रंधे 1931 मध्ये सुरू केले, म्हणजे त्याआधीचे साल कोणी सांगितले तर पुढे ऐकायला नको. रेकॉर्डच्या आकड्याआधी शून्य असते, 04, 05 असे. लेथबद्दल विचारताना माप नीट सांगा, कारण ब्रिटिश लोक मध्यापासून तळापर्यंतची उंची सांगतात आणि अमेरिकन लोक फिरणाऱ्या वस्तूचा पूर्ण व्यास. मायफर्ड या ब्रिटिश कंपनीचा 1946 मध्ये आलेला एमएल 7 हा लेथ ब्रिटिश हिशेबाने साडेतीन इंची आणि अमेरिकन हिशेबाने सात इंची. हे न सांगितल्यामुळे पुष्कळ चर्चा भरकटते.

तुमच्या रंध्याचे फोटो पुन्हा काढाल तेव्हा सगळे भाग सुटे करा. मात्र पितळी चाक सांभाळून सोडवा: त्याचे आटे डावे असतात, म्हणजे ते नेहमीच्या उलट दिशेने फिरवल्यावर निघते. जोर लावून उलटेच आवळले तर आटे जातील. मुठी धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे आटे 12-20 या मापाचे आहेत आणि ते आपल्या बाजारात मिळत नाहीत. तिथे मिलिमीटरचा नट घुसवू नका. तळाचा फोटो फ्रॉग काढून घ्या. फ्रॉग म्हणजे पाते ज्या उतरत्या तुकड्यावर टेकते तो. उजेड एका बाजूने, खूप तिरपा पडू द्या, समोरचा फ्लॅश मारला तर पुसट अक्षरे सपाट होतात. मुठीवरच्या ठशात पांढरा खडू बोटाने हलकेच भरा, किंवा पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा. शेजारी पोलादी पट्टी ठेवा, म्हणजे माप फोटोतच येईल. आणि फक्त 'हे काय आहे' असे न विचारता 'तळ 1910 ते 1924 चा वाटतो, चाक अमुक मिलिमीटर, मूठ एवढी उंच, टोपी नंतरची वाटते, बरोबर आहे का' असे विचारा. आपण केलेली मेहनत दिसली की लोक आपलीही मेहनत घालतात, आपले रंधे उघडून तुलनेचे फोटो पाठवतात.

हे सगळे होईपर्यंत साफसफाई करू नका. ही विनंती मी कळकळीने करतो, कारण आपल्याकडे वारशाने आलेली वस्तू चकचकीत करायची घाई असते. तळावरचा काळा थर हा मूळचा भाजलेला लेप आहे, गंज नव्हे. तारेच्या ब्रशने तो जातो आणि तो गेला की वयाचा एक पुरावा जातो. मुठीला पॉलिशपेपर लावलात तर जी.आय.पी. चा ठसा आणि ती दोन अक्षरे कायमची जातील. फोटो झाल्यावर रॉकेलमध्ये बुडवलेला मऊ ब्रश धातूच्या भागांना लावा, पुसा, आणि मुंबईच्या पावसाळ्यासाठी शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात द्या. लाकडाला रॉकेल लावू नका. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून गंज काढायची पद्धत प्रसिद्ध आहे, पण तिने काळा लेपही सुटतो, म्हणून या रंध्याला ती नको. दुसऱ्या कशाला केलीत तर त्यात स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीही घालू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरते, आणि काम मोकळ्या हवेत करा कारण हायड्रोजन निघतो.

किमतीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पुढे कोणीतरी सांगेलच. नं. 5 हा स्टॅन्लीचा सर्वांत जास्त खपलेल्या रंध्यांपैकी एक, त्यामुळे संग्राहकांच्या लेखी तो दुर्मीळ नाही. वापरणाऱ्यांना मात्र या काळातले रंधे फार आवडतात. ओतकाम चांगले, पाते चांगले, आणि धार लावली की सागावर आजही सुरेख चालतो. माझ्या हाताखालून असे रंधे गेले आहेत, म्हणून हे खात्रीने सांगतो.

मला यात सर्वांत जास्त मोल वाटते ते जी.आय.पी. च्या ठशाचे. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अवजारांच्या हजारो नोंदी झाल्या आहेत, पण भारतीय रेल्वेच्या वर्कशॉपमधली परदेशी अवजारे, त्यांच्यावरचे ठसे, ती कोणत्या काळात कोणत्या खात्यात होती, याच्या नोंदी माझ्या पाहण्यात फार थोड्या आल्या आहेत. ज्या घरांत ही अवजारे आहेत, त्या घरांत ती गंजलेली म्हणून भंगारात जातात. तुम्ही चाकाचा व्यास, पुढच्या मुठीची उंची, टोपीच्या गाळ्याचा आकार आणि ठशाचा खडू भरलेला फोटो पाठवा. टाइप 11 की 12 हे आपण निश्चित करू. त्याच्याबरोबर आजोबांचे खाते आणि नोकरीची साले लिहून ठेवा. आणि त्यांच्या वर्कशॉपमधल्या दुसऱ्या कोणाच्या घरी अशी पेटी असेल, तर तिथल्याही ठशांचे फोटो मिळवा. परळच्या, माटुंग्याच्या आणि बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) च्या वर्कशॉपचे ठसे एकमेकांशेजारी ठेवता आले, तर ठशाच्या घडणीवरूनच साल सांगता येईल का, हे तपासता येईल.